शिवलेली लुंगी आणि विश्वाचा काठ

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व विज्ञान शिक्षकांना,

स. न. वि. वि.

मी शिक्षक नाही. अक्कलकोट रोडकडे माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायचं आणि मालक दोनदा फोन करायच्या आत मोटार परत द्यायची, हा धंदा. शिक्षण दहावी आणि आयटीआय. पण दुकानावर घर आहे, घरावर गच्ची आहे आणि गच्चीवर आठ इंची दुर्बीण आहे. तिचा लाकडी स्टँड मी स्वतः ठोकून केलाय. त्यामुळं गल्लीतली पोरं मला 'चंद्रवाले काका' म्हणतात, आणि तुमच्या वर्गात जे प्रश्न अर्धवट राहतात ते रात्री जेवण झाल्यावर माझ्या जिन्यावरून वर येतात. म्हणून हे पत्र.

मागच्या थंडीत सातवीतली एक मुलगी वर आली. वडील मागावर, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, समोरच्या दुकानात कन्नड. आपल्या पूर्व भागातली चारचौघींसारखी पोर. शनीची कडी बघून तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, "काका, विश्वाचा काठ कुठंय ओ?"

काठ. शहरातल्या दुसऱ्या भागात पोरांनी 'शेवट' विचारलं असतं. हिनं चादरीचा शब्द वापरला. मी विचारलं, शाळेत विचारलंस का? विचारलं होतं. सरांनी सांगितलं, "विश्व अनंत आहे, लिहून घे, परीक्षेत एवढंच लिहायचं." आणि वहीत तसं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

शाळेचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. कारण त्यांच्या जागी मी असतो तर बहुतेक हेच केलं असतं. साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरायची, वर निवडणुकीचं काम. पण ते उत्तर चूक आहे. विश्व अनंत नाही, असं मी म्हणत नाही. ते अनंत आहे की नाही हे आज पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही, आणि ही गोष्ट त्या वहीत कुठंच नव्हती.

माझ्या धंद्यात तीन वाक्यं वेगवेगळी ठेवावी लागतात. मोटार का जळली, 'मला माहीत नाही', म्हणजे उघडून बघायला पाहिजे. 'कुणालाच माहीत नाही', म्हणजे इतकी जळालीय की पुरावाच राहिला नाही. आणि 'हे कळू शकत नाही', हे वाक्य मी सहसा तोंडातून काढत नाही, कारण दुसरा एखादा वायंडर येऊन माझ्यासमोर ते खोटं पाडतो. पाठ्यपुस्तकात ही तिन्ही वाक्यं मिळतच नाहीत. तिथं एकतर माहिती असते, नाहीतर पान संपलेलं असतं.

त्या मुलीला मी काय सांगितलं ते आधी लिहितो.

खाली जाऊन लुंगी आणली, शिवलेली. न शिवलेल्या लुंगीला आडवी दोन टोकं असतात, मुंगी चालत गेली तर टोकाशी थांबते. शिवली की तीच मुंगी आडवी चालत राहिली तर निघाली त्याच जागी परत येते. वाटेत काठ लागत नाही. तरीही कापड दोन मीटरच आहे, अनंत नाही. आणि कापड कुठं फुगलेलं नाही, सुरकुतलेलं नाही, मुंगीनं त्यावर त्रिकोण काढला तर कोनांची बेरीज १८० अंशच येईल. म्हणजे सपाट आहे, आडवं चालताना काठ नाही, आणि मर्यादित आहे. तिन्ही एकदम चालतं. वरचा आणि खालचा काठही असाच एकमेकांना जोडता आला तर? कापडानं करायला गेलं की चुण्या पडतात, गणितात पडत नाहीत.

मुलगी हसली. म्हणाली, "मग विश्व लुंगी आहे?" मी म्हणालो, असूही शकतं. खगोलशास्त्रज्ञांनी हे खरंच तपासून बघितलंय. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा सुटला, तो आजही सगळ्या दिशांनी येतोय. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी त्याचा शोध लागल्याचं जाहीर केलं. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्याच्या, वर फक्त २.७ अंश आहे. विश्व लुंगीसारखं शिवलेलं असेल आणि शिवण जवळपास असेल, तर त्या प्रकाशाच्या नकाशात आकाशाच्या दोन वेगवेगळ्या भागांत सारख्याच नक्षीची वर्तुळं सापडायला हवीत. शोधली, सापडली नाहीत. म्हणजे शिवण असलीच तर आपली नजर पोचते त्यापलीकडं आहे. आणि अवकाश किती सपाट आहे हेही मोजलंय, अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर सपाटच निघतं. पण आत्ताच बघितलं, सपाट म्हणजे अनंत असं होत नाही.

तिनं वहीतलं वाक्य खोडलं नाही. त्याच्या पुढं पेन्सिलीनं 'किंवा लुंगी' लिहिलं. पेपरात तसं लिहू नकोस म्हणून मीच तिला सांगितलं, आणि सांगताना मला लाज वाटली.

आता नजर पोचते म्हणजे किती, हेही पोरांना सांगण्यासारखं आहे. नान्नजच्या माळरानावर, जिथं माळढोकासाठी अभयारण्य केलंय, तिथं संध्याकाळी उभं राहा. नजर चार-साडेचार किलोमीटर जाते आणि आकाश जमिनीला टेकतं. तिथं पृथ्वी संपली, असं आपण म्हणत नाही. विश्वालाही असंच क्षितिज आहे. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, म्हणून त्याहून जुना प्रकाश नाहीच. मधल्या काळात अवकाश ताणलं गेलं, त्यामुळं ज्या जागेवरून तो सर्वांत जुना प्रकाश निघाला ती जागा आज सगळ्या दिशांना सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. "वय १,३८० आणि अंतर ४,६०० कसं?" हे पोरं हमखास विचारतात, आणि विचारलं नाही तर समजावं, कुणी ऐकत नव्हतं.

'कळू शकत नाही' या वाक्याबद्दल एक गोष्ट आपल्या शेजारच्या गावाची आहे, आणि ती आपल्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

ऑग्यूस्त कोंत नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ होता. साधा माणूस नव्हता, ज्ञानाच्या मर्यादांवर आयुष्यभर विचार केलेला. १८३५ साली त्यानं लिहिलं की ताऱ्यांची अंतरं, आकार, गती आपण ठरवू शकू, पण ते कशाचे बनलेत हे आपल्याला कधीच कळणार नाही. मुद्दा बिनतोड वाटतो. तिथं जाऊन तुकडा आणणार कोण? कोंत १८५७ साली गेला. दोनच वर्षांनी किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रकाश लोलकातून फोडला की पदार्थ आपली सही रेघांच्या रूपानं सोडून जातो. तुकडा आणायची गरजच नव्हती, तुकड्याची खबर रोज सकाळी आपल्या अंगणात पडत होती.

आणि मग १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण. त्याची सावली कोकणातून आत शिरून जमखंडी, विजापूरवरून पूर्वेला गेली. विजापूर म्हणजे आपल्यापासून शंभर किलोमीटर. एसटीनं सकाळी जाऊन गोलघुमट बघून संध्याकाळी घरी. त्या दिवशी जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश फोडून बघायचं यंत्र, लावून ढगांशी झुंजत बसला होता, विजापूरला कॅप्टन हेग हातातलं छोटं उपकरण घेऊन. हेगला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत दोन ठळक पट्टे दिसले, एक तांबडा, एक फिकट सोनेरी. तिकडे गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन होता. पिवळी रेघ अनेकांनी बघितली आणि बहुतेकांना ती सोडियमची वाटली, मिठाच्या ज्योतीत दिसते ती. त्याच वर्षी लॉकियरनं इंग्लंडमधून नीट मोजली तर ती सोडियमच्या जागेवर बसेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. सूर्यावरून नाव दिलं, हेलियम. १८९५ साली रॅम्झीला तो पृथ्वीवर एका युरेनियमच्या खनिजात सापडला. म्हणजे जे कधीच कळणार नाही म्हणून सांगितलं होतं, ते इतकं कळलं की पदार्थ आधी सूर्यावर सापडला आणि २७ वर्षांनी पायाखाली. (सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत विकतात त्या फुग्यांत हेलियम असतो की हायड्रोजन, हा वेगळा आणि जरा भीतीदायक प्रश्न आहे.)

विजापूरची सहल दरवर्षी कितीतरी शाळा काढतात. गोलघुमटात सात वेळा घुमणारा आवाज ऐकवतात. त्या आवारात उभं राहून ही पिवळ्या रेघेची गोष्ट पाच मिनिटं सांगायला काय हरकत आहे?

आता उलट बाजू. कोंत चुकला म्हणून सगळंच एक ना एक दिवस कळेल, असंही पोरांना सांगू नका. तसं सांगणारे मला भेटतात, बहुतेक भाषणं देणारे. विश्व नुसतं प्रसरण पावत नाही, प्रसरणाचा वेग वाढतोय, हे १९९८ साली दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून कळलं. तो असाच वाढत राहिला तर हिशेब असा निघतो: आज सुमारे १,६०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकेतून, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहातून, आत्ता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. मोठी दुर्बीण बांधून उपयोग नाही, वाट बघूनही नाही. तिची जुनी चित्रं येत राहतील, आजची बातमी येणार नाही.

याच हिशेबाची पुढची पायरी मला झोपू देत नाही. दहा हजार कोटी वर्षांनी आपल्या जवळच्या दोन-चार दीर्घिका एकमेकींत मिसळून एक झालेल्या असतील आणि बाकीच्या सगळ्या क्षितिजापलीकडं गेलेल्या असतील. तो जुना प्रकाशही इतका विरळ झालेला असेल की टिपता येणार नाही. तेव्हा तिथं कुणी हुशार, कष्टाळू, प्रामाणिक खगोलशास्त्रज्ञ असेल, तर तो अचूक निरीक्षणं करून ठरवेल की विश्वात एकच दीर्घिका आहे, ती कायम अशीच होती आणि प्रसरण वगैरे काही नाही. त्याची मापं बरोबर असतील, तर्क बरोबर असेल आणि निष्कर्ष साफ चूक. मग मला प्रश्न पडतो, आपल्याही जन्माच्या आधी असं काही क्षितिजापलीकडं निघून गेलं नसेल कशावरून? याला उत्तर नाही. पण आठवीच्या मुलांपुढं हा प्रश्न ठेवून बघा एकदा. वर्ग किती शांत होतो ते बघा.

कृष्णपदार्थाबद्दल, म्हणजे जो दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते त्याबद्दल, मात्र मला तुमच्यापेक्षा बरं शिकवता येतं असं वाटतं, माफ करा. पुस्तकात आकडे असतात: विश्वात आपल्याला ठाऊक असलेला पदार्थ सुमारे ५ टक्के, कृष्णपदार्थ २७, आणि कृष्णऊर्जा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारं जे काही आहे ते, ६८. पोरं पाठ करतात आणि त्यांना वाटतं, ही कसलीतरी काळी माती असावी. मी त्यांना दुकानात नेतो. मोटारीच्या वायरला टाँग टेस्टर, म्हणजे वायर न कापता करंट मोजणारा चिमटा, लावायचा. मोटार चार अँपिअर घ्यायला पाहिजे ती सात घेतेय. पट्टा भिंतीच्या भोकातून पलीकडं गेलाय, पलीकडं काय जोडलंय ते दिसत नाही. पण काहीतरी भार आहे, आणि किती आहे हेही मी इथं बसून सांगू शकतो. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीनं दीर्घिकांच्या एका गुच्छाला असाच टाँग टेस्टर लावला, म्हणजे त्यांच्या वेगावरून न दिसणारा भार ताडला. १९७०च्या दशकात व्हेरा रुबिननं दीर्घिकांच्या कडेच्या ताऱ्यांचा वेग मोजला, ते दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानानं फार जोरात फिरत होते. भिंतीपलीकडं भार आहे.

पण जुना वायंडर इथं थांबत नाही. तो म्हणतो, भार आहे की मीटरच खोटा दाखवतोय? खगोलशास्त्रात दोन्ही घडलंय. युरेनस वाकडा चालत होता. ले व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं गणित करून सांगितलं, पलीकडं एक ग्रह आहे, अमुक जागी बघा. १८४६ साली बर्लिनमध्ये त्याचं पत्र पोचलं त्याच रात्री एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. भार निघाला. मग त्याच ले व्हेरिएनं बुधाच्या चालीतला फरक बघून सांगितलं, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा. नावही ठरलं, व्हल्कन. काहींनी तो बघितल्याचंही सांगितलं! ग्रह नव्हताच. फरक शतकाला फक्त ४३ विकला (एका अंशात ३,६०० विकला असतात), पण तेवढ्यासाठी न्यूटनचा नियम अपुरा पडला आणि १९१५ साली आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं तो हिशेब मिटवला. मीटर बदलावा लागला. कृष्णपदार्थ हा नेपच्यून आहे की व्हल्कन? बहुतेक शास्त्रज्ञ नेपच्यूनच्या बाजूनं आहेत आणि त्यांच्याकडं सबळ कारणं आहेत. पण तो कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

प्रसरणाच्या वेगाचंही तसंच. एका पद्धतीनं ६७ येतो, दुसऱ्या पद्धतीनं ७३. एककं इथं लिहीत बसत नाही. दोन चांगले मीटर, दोन वेगळी रीडिंग, आणि दोन्ही बाजूंची माणसं आपापला मीटर पुन्हा पुन्हा तपासून बसलीत.

मतभेद शिकवायला लांब जायला नको. कोल्हापुरात जन्मलेले, पुण्यात आयुका ही खगोल संशोधन संस्था उभी करणारे जयंत नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताशी शेवटपर्यंत सहमत नव्हते. बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते पुरावा त्यांच्या विरोधात गेला होता. तरी त्यांच्याच संस्थेत महास्फोट मानणारे संशोधक निर्धास्त काम करत होते. मला यातलं गणित कळत नाही. पण ज्या गावात दोन भाऊ एका मागाच्या वाटणीवरून दहा वर्षं बोलत नाहीत, तिथल्या मुलांना हे सांगायला पाहिजे असं वाटतं.

इथं एक सावधगिरी. 'माहीत नाही' म्हटलं की दार उघडं दिसतं आणि आत शिरायला माणसं टपलेलीच असतात. "बघा, विज्ञानालाही माहीत नाही, म्हणजे आमचं खरं." माझ्या गच्चीवर असे एक गृहस्थ येऊन गेले. शनी दाखवला तर म्हणाले, याची मला साडेसाती चालू आहे. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. मुलांच्या पत्रिका देऊन, हुशार कोण आणि मतिमंद कोण ते ओळखायला सांगितलं. अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे निघाले नाहीत. भिंतीपलीकडं काय आहे ते मला ठाऊक नाही, याचा अर्थ शेजारी सांगेल ते तिथं आहे असा होत नाही. त्यालाही भिंतच दिसतेय. हे वाक्य मी त्या गृहस्थांना ऐकवलं. परत आले नाहीत.

आणि माझी चूकही कबूल करतो, नाहीतर हे पत्र फारच शहाणपणाचं होईल. कितीतरी वर्षं मी पोरांना मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी दाखवून सांगायचो, "हा तारा केव्हाच मेलाय, आपण फक्त त्याचा प्रकाश बघतोय." पोरांचे डोळे मोठे व्हायचे, मला मजा यायची. एका मुलानं, जो आता पुण्यात शिकतो, सुट्टीत येऊन विचारलं, "काका, तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणीच नव्हतं सांगितलं. काक्षीचं अंतर साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षांच्या आसपास, तेही अजून नेमकं ठरत नाही. त्याचं आयुष्य सरत आलंय, पण अजून लाखभर वर्षं राहू शकतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळपास सगळे तारे आजही जिवंतच असणार. म्हणजे मीही वहीत दोन रेघा मारायला लावणाराच निघालो, फक्त माझं वाक्य जास्त नाट्यमय होतं. त्या दिवसापासून गच्चीच्या भिंतीवर एक पाटी टांगली आहे. पोरांनी विचारलेलं आणि मला न आलेलं त्यावर खडूनं लिहायचं. उत्तर मिळालं की पुसायचं. काही ओळी सहा वर्षं तशाच आहेत.

तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची प्रदर्शनं भरतात. ज्वालामुखी असतो, ठिबक सिंचन असतं, थर्माकोलची सूर्यमाला असते, ज्यात गुरू आणि पृथ्वी एकाच मापाच्या असतात. त्यात एक टेबल रिकामं ठेवा. त्यावर फक्त मुलांचे प्रश्न, ज्यांचं उत्तर शाळेत कुणाला आलं नाही. प्रत्येक प्रश्नाखाली मुलांनीच शोधून लिहायचं: आम्हाला माहीत नाही, की कुणालाच माहीत नाही, की कळू शकत नाही असं कुणी सिद्ध केलंय. यातलं तिसरं लिहायला पुरावा मागा. बक्षीस ठेवायचं तर ज्याचा प्रश्न पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात गेला त्याला द्या. त्यासाठी पोराला खरोखर वाचावं लागतं.

आणि डिसेंबर-जानेवारीत अमावास्येच्या आसपास एक रात्र काढा. शहरातून काही दिसत नाही, गड्ड्याच्या दिवसांत तर होम मैदानाच्या उजेडात चंद्रसुद्धा बिचारा वाटतो. नान्नजच्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीनं, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, रात्री आठच्या सुमारास देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी फिकट ढगासारखी दिसते. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. दुर्बीण मी घेऊन येतो, टेम्पोचं भाडं माझं. स्वेटर आणि घरची चादर प्रत्येकानं आणायची. तुम्ही फक्त दोन स्टूल आणा, पाचवीतल्या पोरांची उंची पुरत नाही.

आपला नम्र,
एक मोटार वायंडर
सोलापूर